चंचीतला दात

बत्तीस वर्षांच्या नोकरीतले गुन्हा नंबर मी विसरलो, आरोपींचे चेहरेही विसरलो. एका मुलीचा दुधाचा दात मात्र अजून डोळ्यांपुढे आहे. कागदात गुंडाळलेला, तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढा. त्या प्रकरणातल्या कोणाचंही नाव मी इथे देणार नाही. ती मुलगी आता मोठी झाली आहे आणि तिला गावात मान आहे.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाची ती वाईट वर्षं होती. शेतवाल्यांबद्दल पेपरात रोज छापून यायचं. ज्यांच्याकडे शेतच नव्हतं, त्यांच्याबद्दल कोणी फारसं लिहिलं नाही. हे कुटुंब तसलं. घरातला एकुलता एक मुलगा ट्रॅक्टर चालवायचा. मारेगावच्या बाजूला एका वळणावर कापसाची ट्रॉली उलटली, त्यात तो गेला. मागे राहिले म्हातारा-म्हातारी, त्याची पंचविशीची बायको आणि चार वर्षांची मुलगी. सून कापूस वेचायला जायची. चांगल्या साली वेचणी संक्रांतीपर्यंत चालते. त्या सालांत ती दिवाळीतच आटपायची. मग सकाळी भाकर आणि रात्री भाकरीचं पाणी, असे दिवस काढले त्यांनी. दोन वर्षं अशी गेल्यावर बाईच्या भावांनी तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावून दिला. नवरा झरी जामणीकडचा, जंगलकामावर जाणारा.

आमच्याकडे जुना रिवाज आहे. विधवा पाट लावून गेली की लेकरू पहिल्या घरी राहतं. 'बापाचं लेकरू बापाच्या घरी,' एवढं म्हटलं की विषय संपला. इथे तर पाच पंच बसले, स्टॅम्प पेपर आणला आणि त्यावर लिहून घेतलं की मुलीवर माझा यापुढे कोणताही हक्क राहणार नाही. बाईचा अंगठा घेतला. वाचता तिला येत नव्हतं. लेकीला भेटायला तरी येता येईल, असं तिला वाटलं होतं.

दोन-तीनदा भेटू दिलं. मग म्हातारा म्हणाला, पोरीला कळंबला शिकायला ठेवली आहे. कोणत्या शाळेत, कोणाकडे, ते सांगेना. बाई कळंबला जाऊन चिंतामणीच्या देवळापासून एकेक शाळा पायी फिरली. मुलगी कुठेच नव्हती. तेव्हा ती आमच्या ठाण्यात आली.

मी तिथे ठाणेदार होतो. माझे वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गासड्या उचलायचे. आमच्या अख्ख्या खानदानात कॉलेज शिकलेला पहिला मीच, आणि याचा मला तेव्हा जरा जास्तच अभिमान होता. बाईच्या पहिल्या सासऱ्याने, म्हणजे त्या म्हाताऱ्याने, कागदाची झेरॉक्स आधीच ठाण्यात आणून दिलेली होती. मी ती वाचली. स्टॅम्प होता, पंचांच्या सह्या होत्या, अंगठा होता. मी बाईला म्हणालो, तुम्हीच लिहून दिलं आहे, आता पोलीस काय करणार, कोर्टात जा. स्टेशन डायरीत नोंद घेतली : दिवाणी स्वरूपाचे प्रकरण, अर्जदारास समज देऊन रवाना केले.

ती चूक माझी. ती मी कोणाच्या माथी मारत नाही.

आठ दिवसांनी बाई परत आली. सोबत तिचा दुसरा नवरा होता, कमी बोलणारा, हातात टोपी धरून भिंतीशी उभा राहिलेला. बाई बसली नाही. म्हणाली, "सायेब, बाजारात कालवड इकली तं चिठ्ठी करतेत. मले मालूम हाय. पन लेकरू का कालवड हाय का, चिठ्ठी केली का दुसऱ्याची झाली?"

मी नवऱ्याकडे वळलो आणि जरा वाकड्यातच विचारलं, दुसऱ्याची मुलगी तुम्हाला कशाला हवी? तो टोपीकडे पाहत म्हणाला, "नाव तिच्या बापाचंच लावन ते. ताट माह्या घरचं." एवढंच बोलला. पुढच्या सगळ्या प्रकरणात तो याहून जास्त बोलल्याचं मला आठवत नाही.

त्या दिवशी मी कागद उचलून तालुक्याच्या कोर्टातल्या सरकारी वकिलांकडे गेलो. वयस्कर माणूस होते. चष्मा न लावताच त्यांनी कागद बाजूला सरकवला. म्हणाले, ठाणेदार, बाप गेल्यावर नैसर्गिक पालक आई. तिने दुसरं लग्न केलं म्हणून ते पालकपण जात नाही. आणि लेकरावरचा हक्क पंचांसमोर सोडून देता येत नाही, कारण तो एकट्या आईचा नसतो, लेकराचाही आईवर हक्क असतो. आजोबांना वाटत असेल तर त्यांनी जिल्हा न्यायालयात पालकत्वासाठी अर्ज करावा. लेकराचं भलं कशात आहे ते कोर्ट पाहील. पण लेकरू लपवून ठेवता येत नाही. पोलिसांनीही उचलून इकडचं तिकडे द्यायचं नाही. ठिकाण शोधा, न्यायदंडाधिकाऱ्यांकडून झडतीचं वॉरंट घ्या आणि मुलीला त्यांच्यासमोर हजर करा.

मी बी.ए. झालो होतो, पण हे मला त्या दिवशी कळलं. परत येऊन मी बाईचा जबाब नीट लिहून घेतला आणि आधीच्या नोंदीखाली नवी नोंद केली.

म्हाताऱ्याला बोलावलं. धोतर, पांढरी टोपी, ताठ माणूस. कळंबचंच सांगत राहिला. आम्ही कळंब पोलिसांकडून खात्री करून घेतली, तिथे अशी मुलगी नव्हती. तेव्हा म्हणाला, आदिलाबादकडे पाहुण्यांकडे आहे, गावाचं नाव आठवत नाही. माझ्या वयाचे काही अधिकारी अशा वेळी आवाज चढवतात. मी तो चढवला नाही, यात माझा मोठेपणा नाही. त्या माणसावर आवाज चढवावा असं काही त्याच्या तोंडावर दिसतच नव्हतं. लबाड माणूस प्रश्नाआधी उत्तर तयार ठेवतो. हा प्रत्येक प्रश्नाला दुखल्यासारखा बघायचा.

खबर मिळाली ती बाजारात. आमच्या महिला शिपाई बुधवारच्या बाजारात बंदोबस्ताला होत्या. त्याच गावातली एक वेचणारी बाई त्यांच्याजवळ येऊन भाव विचारल्यासारखं करत म्हणाली, "बुढा-बुढी दोघाईच्या तोंडात दात नाई. मंग हर बाजाराले बुढा खारे फुटाने कोनासाठी नेते?" आणि पुढे निघून गेली. अशी माणसं साक्षीला कधी येत नाहीत, पण त्यांच्याशिवाय आमचं खातं चालत नाही.

म्हणजे मुलगी जवळपास होती. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हाताऱ्याला आणायला शिपाई पाठवला. तो घरी सापडला नाही. नाल्याकडच्या पायवाटेने गावात शिरताना भेटला. शिपायाने तिथूनच त्याला सायकलवर डबलसीट बसवून ठाण्यात आणलं.

ठाण्याची लिखापढी करणारे आमचे रायटर हवालदार निवृत्तीला आलेले होते. त्यांची विचारपूस करण्याची पद्धत मला आधी वेळकाढूपणा वाटायची. ते माणसाला समोर बसवायचे आणि पहिल्यांदा सुपारी मागायचे. आमच्या भागात कोणी सुपारी मागितली तर नाही म्हणत नाहीत. दुश्मनालाही पानसुपारीची चंची पुढे करतात. आणि एकाच चंचीतलं खाल्लं की माणूस सरकारी खुर्चीशी बोलायचं सोडून हवालदाराशी बोलायला लागतो.

हवालदार म्हणाले, "काकाजी, पाय दुखत असतीन. काढा चंची."

म्हाताऱ्याने कमरेची चंची सोडली आणि सवयीने त्यांच्या हातात दिली. एका कप्प्यात सुपारी, एकात कात, एकात चुन्याची डबी. चौथ्या कप्प्यात कागदाची बारीक पुडी होती. हवालदारांना वाटलं लवंग असेल. त्यांनी पुडी उघडली आणि टेबलावर दात पडला.

म्हाताऱ्याने झटकन त्यावर हात ठेवला. बाहेर वायरलेस खरखरत होता.

आमच्याकडे दुधाचा दात पडला की तो घराच्या छपरावर, कवेलूवर फेकतात. स्वतःच्या घराच्या, दुसऱ्याच्या नाही. हे मला माहीत होतं, माझ्या आईने माझे फेकले होते. म्हणजे दात पडला होता दुसऱ्याच्या घरात, काल किंवा आज, आणि म्हातारा तो आपल्या कवेलूवर टाकायला घेऊन निघाला होता. मी एवढंच म्हणालो, "बाबाजी, आदिलाबादहून आणला का?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. म्हणाला, "बहिनीच्या घरी हाय. नाल्यापल्याड. रातच्याला पडला तिचा." आणि दातावरचा हात न उचलता, "पोरगा गेला माहा, सायेब. आता हे बी नेतान तं घरात कोन बोलन?"

हवालदार दात मुद्देमाल म्हणून जमा करायला निघाले होते. मी नको म्हणालो. पुडी पुन्हा बांधून म्हाताऱ्याच्या हातात दिली. त्याने जबाब दिला आणि स्वतःच सही केली.

दुपारी वॉरंट हाती आलं. महिला शिपाई वर्दी न घालता साडीत आल्या, आम्ही जीप गावाबाहेर ठेवली. मुलगी म्हाताऱ्याच्या बहिणीच्या ओसरीत वाती वळत बसली होती. खाऊन-पिऊन नीट होती, अंगावर फ्रॉक धुतलेला होता. कोणी छळलं नव्हतं. फक्त चार महिने तिला अंगणाच्या पलीकडे जाऊ दिलं नव्हतं, शाळाही नव्हती. शिपाईताईंनी सांगितलं, आईकडे जायचं आहे. मुलगी वात वळत राहिली आणि म्हणाली, "आईनं तं मले कागदावर सोडलं ना."

शिपाईताई माझ्याकडे पाहायला लागल्या. मला ठाऊक होतं की हा कागद ठाण्यात पहिल्यांदा खरा मानला तो मीच. मी खाली बसलो आणि सांगितलं, "बाई, तो कागद खोटा निघाला. तुझी आई तुला शोधत कळंबभर फिरली, पायी." तिने वातींची टोपली बाजूला ठेवली आणि चप्पल शोधायला लागली.

न्यायदंडाधिकाऱ्यांनी मुलीला आपल्या चेंबरमध्ये बसवून विचारलं आणि आईच्या हवाली केलं. म्हातारा बाहेर व्हरांड्यात उभा होता. तो घरी निघाला तसा मी त्याला थांबवलं आणि सांगितलं की यवतमाळच्या कोर्टात अर्ज करायचा, भेटीचा हक्क मागायचा तुम्हालाही अधिकार आहे. काही सहकारी मला हसले. साहेब दोन्हीकडून ढोल वाजवतात म्हणाले. मला तसं वाटलं नाही. लेकरू लपवणं चूक होतं. नातीवरची माया चूक नव्हती.

अर्ज झाला. तारखा पडल्या. माझी साक्ष असलेल्या दिवशी दोन्ही घरं कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली लांब लांब बसली होती. मुलगी उठून म्हाताऱ्याजवळ गेली आणि तिने विचारलं, "आबा, माहा दात टाकला का कवेलूवर?"

म्हाताऱ्याने चंची उघडून दाखवली. पुडी तशीच होती. म्हणाला, "एकट्यानं नाई टाकला, बाई."

ते आईने ऐकलं. प्रकरण ठाण्यात आल्यापासून ती सासऱ्याशी बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर सावरत ती जागेवरूनच म्हणाली, "मामाजी, दिवाळीले घेऊन जाजा तिले. मंग टाकजा. पन शाळा सुरू व्हाच्या आंधी आनून द्याची." म्हाताऱ्याने हो म्हणायला वेळ लावला नाही. वकिलांनी तेवढंच जरा मोठ्या भाषेत लिहिलं आणि कोर्टाने त्यावर हुकूम दिला.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. त्यानंतर कोणताही कागद टेबलावर आला की मी आधी सह्या पाहायचो नाही. हा कागद कोणाबद्दल आहे आणि त्या माणसाला कोणी विचारलं का, हे पाहायचो. पंचांनी सासऱ्याला विचारलं होतं, भावांना विचारलं होतं, बाईचा अंगठा धरला होता. मुलीला कोणीच विचारलं नव्हतं, आणि मीही नाही. दुसरं, हवालदारांच्या सुपारीला मी परत कधी वेळकाढूपणा म्हटलं नाही. पुढे मी स्वतःच खिशात सुपारी ठेवायला लागलो, खात नसलो तरी.

काही वर्षांनी मी यवतमाळला बदलून आलो होतो. एक दिवस मायलेकी पेढे घेऊन ऑफिसात आल्या. मुलगी दहावी पास झाली होती. आजोबा तोवर वारले होते. शेवटच्या दिवाळीतही ती त्यांच्याकडेच होती, असं तिने सांगितलं. गुणपत्रिकेसोबत तिने शाळाप्रवेशाचा जुना फॉर्म जपून आणला होता, तो मला दाखवायची हौस तिच्या आईची होती. माझ्यापुढे तो उलगडून आईने एका जागी बोट ठेवलं.

मुलीच्या नावापुढे तिच्या वडिलांचं नाव होतं. पालक या रकान्यात आईचं नाव होतं. आणि त्यासमोर अंगठा नव्हता, आईने स्वतः केलेली सही होती.