सहकार्य केले नाही

कपडे शिवून संसाराला हातभार लावणारी ती बाई दुसऱ्यांदा दिवस गेल्यावर तपासणीला आली, तेव्हा तिने आपला जुना कागद पुढे केला आणि म्हणाली, "यात माझ्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा." रुग्णालयातल्या सुईणबाईंनी वाचलं. पहिल्या बाळंतपणाच्या नोंदीत शेवटी चार शब्द होते: रुग्णाने सहकार्य केले नाही.

झालं होतं ते एवढंच. कळ आली, ती हाका मारत राहिली आणि तिला गप्प पडून राहायला सांगितलं गेलं. बाळ आलं तेव्हा झेलायला कुणाचा हात नव्हता. अंग फाटलं ते तिचं आणि दोषही तिचाच. हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

"यावेळी तुम्ही असाल तरच इथे येईन, नाहीतर घरीच काय व्हायचं ते होऊ दे," ती म्हणाली होती. सुईणबाईंनी शब्द दिला. सात महिने त्यांनीच तिचं पोट तपासलं, तिच्या मनातली भीती ऐकून घेतली.

आणि कळा जोरात आल्या नेमक्या त्यांची कामाची पाळी संपत आली तेव्हा. बारा वाजता तपासलं तेव्हा पिशवीचं तोंड चार बोटं उघडलं होतं. दोनला पाळी संपल्याची घंटा झाली. सुईणबाईंनी थांबायची परवानगी मागितली. मुख्य सिस्टर कागदावरून नजर न उचलता म्हणाल्या, "प्रत्येकीला आपली सुईण हवी झाली, तर रुग्णालय चालवायचं कसं? कागद पुढच्या पाळीला द्या आणि घरी जा."

कागद द्या. जणू बाई म्हणजे बदलीचं सामानच.

सुईणबाई घरी गेल्या नाहीत. बाळंतपणाच्या खोलीच्या दाराबाहेरच्या बाकावर तिच्या सासूशेजारी बसल्या. सासू रागीट पण मनाने साफ. ती म्हणाली, "मला पाच झाली, प्रत्येक वेळी सुईण माझ्याआधी थकली, पण उठून गेली नाही." मनात देवाचं नाव घेत सुईणबाई दाराकडे कान लावून होत्या.

आतून हाका येत होत्या. "सिस्टर, जोर येतोय." मग दुसरा आवाज, "तपासणी चारला आहे, ओरडू नकोस." असं तीनदा झालं. आणि मग तिचा आवाज एकदम खाली उतरला, घशातून येणारा, दबका. पंचवीस वर्षांत त्यांनी तो आवाज शेकडो वेळा ऐकला होता. बाळ उंबऱ्यावर आलं की बाई अशीच कण्हते. दुसरं लेकरू घड्याळ बघून येत नाही, हे कुणालाही कळावं. पण कागदावर तसं लिहिलेलं नव्हतं.

त्या आत शिरल्या. पाळीवरची सिस्टर टेबलाशी कागद भरत बसली होती. पलंगावर बाळाचं डोकं दिसत होतं.

"बाई," पलंगावरून ती एवढंच म्हणाली.

"आले मी. आता जोर नको, फुंकर घाल. हळू. माझ्याकडे बघ."

पाच मिनिटांत मुलगी हातात आली. अंग फाटलं नाही. सासूने बाहेरूनच देवाला हात जोडले.

सुईणबाईंनी हात धुतले आणि टेबलावरचा कागद पाहिला. सिस्टरने शेवटची ओळ आधीच भरून ठेवली होती. तेच चार शब्द. त्यांनी ते खोडले नाहीत. खाली लिहिलं: रुग्णाने तीनदा हाक मारली. पाळीवरचे कोणीही उठले नाही. आणि वेळ घालून सही केली.

मुख्य सिस्टर धावत आल्या. पाळी संपल्यावर आत का शिरलात, याचं उत्तर लेखी द्यावं लागेल म्हणाल्या. देईन, सुईणबाई म्हणाल्या. मग मुख्य सिस्टरांनी खाली लिहिलेली ती ओळ खोडायला सांगितली.

"तुम्ही खोडा," सुईणबाईंनी पेन पुढे धरलं. "पण खोडल्यावर बाजूला तुमची सही करा."

पलंगावरची बाई लेकीला छातीशी धरून मुख्य सिस्टरांकडे टक लावून बघत होती. पेन तसंच सुईणबाईंच्या हातात राहिलं.