कवडूभाऊ कुत्रं देईना

सौंसरात ज्याला कुत्रं पाळायची हुक्की येते, तो एकदा तरी कवडू डोंगरेच्या दारात जातो आणि त्याला शिव्या घालत परत येतो. कवडूभाऊ जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता. तीस वर्षं बैलांच्या जखमा धुतल्या, निवृत्त झाला आणि आता बस स्टँडमागच्या दोन खोल्यांत चार-पाच कुत्र्यांसोबत राहतो. ही कुत्री त्याला बागांमध्ये सापडतात. संत्र्याला फळ धरलं की व्यापारी बागेत राखणदार बसवतो, राखणदार एखादं कुत्रं जवळ करतो. फळांचा तोडा झाला, ट्रक भरले, की राखणदार झोपडी मोडून गावाला जातो आणि कुत्रं रिकाम्या झाडांखाली वाट बघत बसतं. मग कवडूभाऊ सायकलवर जाऊन त्याला घेऊन येतो.

कुत्रं मागायला गेलात, तर तो आधी तुमच्या घरी जेवायला येतो. पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, हे आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक असतं. कवडूभाऊ जेवतो कमी आणि बघतो जास्त. शेवटची पोळी केली का, ती कोण नेऊन घालतं, हातानं ठेवतं की लांबून भिरकावतं. मनासारखं दिसलं नाही, की पाणी पिऊन उठतो. "तुमच्या घरी कुत्र्याचं काम नाई," म्हणतो आणि सायकल काढतो. एक वकील आणि एक कापसाचा व्यापारी त्यानं असेच नापास केले. मी पांढुर्ण्याला शाळेत शिकवते. नापास करायचा हक्क आपला, असं मला वाटायचं, त्यामुळे हा माणूस माझ्या डोक्यात जायचा. कुत्री उकिरड्यावरची आणि मिजास राजाची!

आता माझा भाऊ भूपेंद्र. त्याच्याबद्दल चांगलं बोलायचं म्हटलं तरी मला जमत नाही. हा नागपुरात फ्लॅटमध्ये, आणि आई बोरगावला शेतातल्या घरात एकटी. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. मागच्या पोळ्याला आमचा म्हातारा मोती कुत्राही गेला. तेव्हापासून आई वाळत चालली होती. फोनवर विचारलं तर "जेवली ना" म्हणायची.

भूपेंद्रनं पोरांच्या हट्टापायी हस्की घेतला. बर्फातलं कुत्रं, आणि नागपुरात! एप्रिलमध्येच त्या केसाळ जनावराचे हाल झाले, वहिनी कंटाळली, तेव्हा साहेबांना एकदम आठवलं की आईला सोबत हवी. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसा तो हस्की, नाव ब्रूनो, बोरगावला येऊन पडला. त्याच्यासोबत विकतच्या खाण्याचं पोतं आणि नवाकोरा कूलरही आला. कुत्र्यासाठी! तो बाबांच्या खोलीत बसवला गेला. तीन उन्हाळे आई ओसरीत पदरानं वारा घेत होती, तेव्हा या दिवट्याला कूलरचं दुकान दिसलं नव्हतं. रोज व्हिडिओ कॉल यायचा. "आई, फोन थोडा खाली धर. ब्रूनो जेवला का?" आई जेवली का, हे त्यानं एकदाही विचारलं नाही.

अकराव्या दिवशी ब्रूनो वानरामागे सुटला. साखळी आईच्या हातात होती. आई शेताच्या धुऱ्यावर, बांधावर आपटली आणि डावं मनगट मोडलं.

मी दोन दिवसांची रजा टाकून आले आणि भूपेंद्रला फोनवर घसा बसेपर्यंत झापलं. तो म्हणाला, "मंग तूच शोध ना चांगलं कुत्रं. आईले राखण तं पायजेच."

म्हणून नाक मुठीत धरून मी कवडूभाऊकडे गेले, मोतीपासून सगळं सांगितलं.

तो आला. कूलरसमोर धापा टाकणाऱ्या ब्रूनोकडे बघून म्हणाला, "याले तामियाच्या गार डोंगरात पाठवा. तिथं माह्या ओळखीचा फॉरेस्ट गार्ड हाय. जनावराचा काय गुन्हा?" मग हात धुऊन जेवायला बसला. स्वयंपाक मीच केला होता. परीक्षा ठाऊक होती, म्हणून शेवटची पोळी नीट भाजून, तूप लावून, त्याला दिसेल अशी वेगळी ठेवली. त्यानं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जेवण झाल्यावर तो सरळ स्वयंपाकघरात गेला आणि पिठाचा मोठा डबा उघडला. मी दोन दिवस दुकानातल्या पिशवीतलं पीठ वापरत होते. त्या डब्याला माझा हात लागला नव्हता. आतल्या पिठाला जाळी धरली होती.

"वच्छलाबाई, मोती गेल्यापासून तवा कितीदा ठेवला?"

आई खाली बघत हसली. "एकटीसाठी कोन तवा ठेवते, कवडूभाऊ? शेवटची पोळी कोनाले घालू? कवा मुरमुरे खाते, कवा चहा पिऊन घेते."

आठ महिने! आणि मग मी काय केलं? भूपेंद्रला पुन्हा शिव्या द्यायला सुरुवात केली.

कवडूभाऊनं ऐकून घेतलं. "तो नागपूरले राह्यते. तुमी कुठी राह्यता, मास्तरीणबाई?"

"पांढुर्ण्याले."

"बस किती वेळ घेते?"

"तासभर."

"पोळ्यापासून कितीदा आल्या?"

पेपर तपासणं होतं, पोरीची परीक्षा होती, लग्नसराई होती. "दोनदा," मी म्हणाले. दोन्ही वेळा उभ्या-उभ्या चहा घेऊन परतले होते, हे सांगितलं नाही.

"मंग तुमाले कुत्रं नाई देत मी. तुमच्या भावालेबी नाई. तुमाले कुत्रं नाई पायजे. तुमच्या बदली हजेरी लावून देणारं कोनीतरी पायजे."

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, हे मी वर्गात फळ्यावर लिहिते. मला कोणी लिहून दाखवलं नव्हतं. कुत्रेवाल्यानं मला अक्कल शिकवू नये, असं मी त्याला त्याच्या तोंडावर म्हणाले. त्यानं सायकल काढली. त्या बोलण्याची मला अजून लाज वाटते.

रजा वाढवली. चौथ्या दिवशी तो परत आला. कॅरियरवर खोकं, खोक्यात एक कुत्री. एक कान फाटलेला, तोंड पांढरं पडलेलं. "थांबा, ही तुमच्यासाठी नाई," मला म्हणाला, "वच्छलाबाईसाठी आणली." त्यानं दुधात भाकर कुस्करून तिच्यापुढे ठेवली. तिनं वास घेतला आणि मागे सरून बसली.

"ही एकटी खात नाई," तो आईला म्हणाला. "रामाजी राखणदार आपल्या ताटाजवळ घेऊन जेवाचा. तो गेला तं ही आठ दिवस उपाशी होती. मी बाजूले जेवलो तवा खाल्लं. कोनी संगं बसून जेवलं तं खाते, नाई तं मरून जाइन, पर खानार नाई."

"म्हंजे मले..."

"म्हंजे तुमाले जेवा लागन. दोन्ही टाइम."

आई तिच्यापुढे येऊन बसली. मग एका हातानं उरलेली भाकर मोडली, एक घास स्वतःच्या तोंडात घातला आणि एक खाली धरला. कुत्रीनं तो घेतला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. मला हुंदका आवरेना. कवडूभाऊ मला म्हणाला, "रडत काय बसून राहिल्या? पानी द्या तिले."

भूपेंद्रनं व्हिडिओ कॉलवर विचारलं, "ही कोणती ब्रीड?" आईनं पहिल्यांदाच त्याचा फोन स्वतःहून कापला.

ब्रूनो तामियाच्या गार्डकडे गेला, रजा संपली, मी पांढुर्ण्याला गेले. दर रविवारी यायचं, असं ठरवून गेले होते. पहिले चार रविवार कसे गेले, ते सांगत नाही. प्लास्टर निघाल्यावर एकदा न कळवता आले. लांबूनच पोळ्यांचा वास आला. आई चुलीपुढे होती, चेहरा भरलेला, आणि ती कुत्री तिच्या पाटाला टेकून. परातीत कणकेचे मोजके गोळे होते, दोघींपुरते. मला बघून आई लगबगीनं उठली, डब्यातून आणखी पीठ घेतलं.

"सांगून तं याचं होतं ना," ती म्हणाली, पाहुण्यांना म्हणतात तशी.