न पाहिलेल्या पिच्चरचा अहवाल

मला उन्हाळा आवडतो, असं मी बीड जिल्ह्यात उभा राहून म्हणतो तेव्हा लोकांना वाटतं, याला ऊन लागलंय. वाटू दे. लोकांचा उन्हाळा टँकरचा, लग्नांचा आणि लाइट जाण्याचा. माझा उन्हाळा मोठ्या पिच्चरचा. सातासमुद्रापलीकडचे लोक आपले सगळ्यात खर्चिक पिच्चर नेमके मे महिन्यात काढतात. का, तर तिकडं तेव्हा हवा छान असते आणि माणसं खुशीत घराबाहेर पडतात म्हणे. हवा छान असते! आमच्याकडं मे महिन्यात पत्र्याला हात लागला तर कातडी सोलून निघते. पण पिच्चर त्यांचे, तेव्हा महिनाही त्यांच्याच सोयीचा. कोणता पिच्चर कोणत्या शुक्रवारी येणार हे मला संक्रांतीपासूनच तोंडपाठ असायचं.

त्यातही माझा खरा जीव पुस्तकावरून काढलेल्या पिच्चरवर. चेटकिणी, पंखांचे अजगर, बर्फाचे डोंगर, असली जाडजूड पुस्तकं. आधी पुस्तक वाचायचं, मग पिच्चरची वाट बघत झुरायचं, आणि आला की 'पुस्तकातलं काहीच ठेवलं नाही हलकटांनी' म्हणून शिव्या घालायच्या. तिन्ही कामांत मी तरबेज होतो. फक्त त्याचा पगार कुणी देत नव्हतं. वडील येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "बीए झालं आन् अजगराच्या मागं लागलं."

त्या साली पाऊस नावाला पडला आणि जानेवारीतच विहिरींचे तळ दिसायला लागले. माणसांनी टँकरवर भागवलं, पण जनावरांचं काय? तेव्हा आमच्या घाटनांदूरकडच्या सोसायटीनं माळावर चारा छावणी काढली. म्हणजे आसपासच्या गावांनी आपली जनावरं तिथं आणून बांधायची, ऊस आणि पाणी तिथंच मिळणार, आणि जनावरामागं घरातला एक माणूस तिथंच मुक्कामाला राहणार. सकाळ-संध्याकाळ मोजणी. मोजणीला माणूस दाव्यापाशी दिसला नाही तर त्या दिवसाचा चारा बंद. आमच्या घरून दोन बैल, एक गाय आणि मी, अशी चौघांची रवानगी झाली. घरात सगळ्यात मोकळा मीच, हे ठरवायला कुणाला विचार करावा लागला नाही.

जाताना मी एक जाडं पुस्तक सोबत नेलं. त्यावरचाच पिच्चर मे महिन्यात यायचा होता, तोही हिंदीत, तोही अंबाजोगाईत. मी वर्षभर त्याच्यासाठी थांबलो होतो. जमीन, नोकरी, लग्न, कशासाठीच मी एवढा थांबलो नव्हतो.

माझ्या शेजारच्या दावणीला एका मावशीची म्हैस होती. मावशी एकटीच. तिचा एकुलता एक पोरगा टोळीबरोबर ऊसतोडीला गेला होता. गेल्या वर्षी फाल्गुनात टोळी परत आली, पोरगा आला नाही. वाटेतच ट्रकमधून उतरला म्हणे, 'इकडंच काम बघतो' म्हणून. सुरुवातीला त्याचे फोन यायचे, मग फोनच बंद झाला. हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, म्हशीला उसाचं वाढं टाकता टाकता, जसं आपण कुठल्या गावचे ते सांगतो तसं. मी पुस्तक उघडून बसलो.

"काय लिव्हलंय त्येच्यात?" तिनं विचारलं.

झालं! पिच्चरच्या शौकीन माणसाला असं विचारू नये. मी सुरू झालो. एका मुलखातली नदी एक राणी चोरून नेते आणि बर्फाच्या डोंगराखाली कोंडते. मुलूख वाळून कोरडाठाक पडतो. मग एका लोहाराचा पोरगा आईला म्हणतो, मी नदी सोडवून आणतो, आणि पंखाच्या अजगरावर बसून निघतो.

तिसऱ्या दिवशी माझ्या दावणीपुढं वीसेक माणसं बसली होती. दुपारी चारा वाटला की छावणीत दुसरं काम नसतं, माशा हाकलायच्या फक्त. मी रोज थोडी थोडी गोष्ट सांगायचो. अजगराबद्दल कुणाला काही शंका नव्हती. शंका सगळ्या पाण्याच्या.

"नदी चोरली म्हंजी पंचनामा झाला आसल की!"

"तवर टँकर कावून लावला न्हाई बे तिथं?"

"त्या राणीचा वरच्या अंगाला कारखाना आसल," एक म्हातारबा ठामपणे म्हणाला, आणि ते सगळ्यांना पटलं. त्यानंतर राणी का दुष्ट आहे हे मला समजावून सांगावं लागलं नाही. पुस्तकात त्यासाठी लेखकानं सत्तर पानं घातली होती.

मावशी पाण्याचं काही विचारायची नाही. तिचा रोज एकच प्रश्न, "पोरगं कुठवर आलं?"

मी पोरगा डोंगरापर्यंत आणला आणि थांबलो. शेवट सांगणं हे आम्हा शौकीन लोकांत महापाप. "पुढचं पिच्चरमधी बघा," म्हणालो. शिवाय तो शेवट मला सांगवतही नव्हता. पुस्तकात नदी सुटते, पाणी वाहत वाहत त्या आईच्या उंबऱ्यापर्यंत येतं, आणि पोरगा येत नाही. डोंगर फोडताना तो नदीतच वाहून जातो. वाचताना मी स्वतः रडलो होतो आणि 'काय शेवट केलाय!' म्हणून लेखकाला मनात सलामही ठोकला होता. पण ते घरी, माझ्या खाटेवर. मावशीपुढं जीभ उचलेना.

पिच्चरचा शुक्रवार जवळ आला तशी छावणी पेटली. माझ्या मोबाइलवर त्याची झलक बघायला रांग लागायची. एवढ्याशा पडद्यावर दहा डोकी, त्यात अजगर कुठला आणि बोटाचा डाग कुठला ते कळत नव्हतं. सगळे म्हणायला लागले, आपण बी जायचं. मी तर गुपचूप ठरवलंच होतं, की त्या दिवशी मावशीला माझी जनावरं बघायला सांगायची आणि पहिला खेळ गाठायचा. गुपचूपच गेलो असतो तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण मला दवंडी पिटायची हौस.

सोसायटीच्या चेअरमनसाहेबांच्या कानावर गेलं. छावणी ओस पडली आणि नेमका त्या दिवशी तहसीलचा माणूस मोजणीला आला तर? साहेब माळावर आले, पाण्याच्या हौदापाशी सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाले, "पिच्चरला माजी ना न्हाई. पर रीतसर जायचं. ही सहकारी संस्था हाय, जत्रा न्हाई."

रीतसर म्हणजे ठराव. आमच्याकडं सोसायटी म्हटलं की गुरांच्या हौदाला गिलावा करायलाही सूचक लागतो आणि अनुमोदक लागतो. तसा तिथं उभ्याउभ्या ठराव मांडला गेला, की छावणीच्या वतीनं चार प्रतिनिधींनी संस्थेच्या जीपमधून अंबाजोगाईला जाऊन सदर पिच्चर पाहावा आणि परत येऊन सर्व सभासदांना अहवाल द्यावा. सर्वानुमते मंजूर. टाळ्या. मीही वाजवल्या, गाढवासारख्या. मला वाटलं, चारांतला पहिला मीच.

पहिला चेअरमनसाहेबांचा भाचा निघाला. दुसरा त्यांचा व्याही, तिसरा कारखान्यावर वजन असलेला एक जण, आणि चौथा जीपचा ड्रायव्हर, कारण जीप कुणीतरी चालवायला पाहिजे.

"आन् मी?" मी ओरडलोच.

साहेबांनी माझ्याकडं मोठ्या मायेनं बघितलं. "आरं, तुला गोष्ट म्हाईतच हाय की! तू कशाला एक जागा आडवतू?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. याला उत्तर काय द्यायचं सांगा! पुस्तक वाचलेल्या माणसाला पिच्चर बघायची गरज काय, असं आजवर जगात कुणी विचारलं नसेल. आमच्या माळावर विचारलं गेलं, आणि मला आजही त्याचं उत्तर सापडलेलं नाही.

वर आणखी एक. "तू मोकळाच हाईस, तर ह्यांची जनावरं बी तूच बघ."

तो शुक्रवार मी विसरणार नाही. स्वतःची तीन आणि प्रतिनिधींची सगळी जनावरं घेऊन मी उन्हात उभा. भाच्याचा बैल मारका. त्याला ऊस टाकताना मनात खेळ सुरूच, आता पडदा उजळला असेल, आता नदी चोरली असेल, आता अजगर पहिल्यांदा पंख पसरत असेल. बैलानं माझ्या मांडीला शिंग लावलं तेव्हा मध्यंतर झालं असावं. चीड, चीड नुसती! मी त्या बैलाला अशा शिव्या दिल्या की मावशी पलीकडून म्हणाली, "आरं बाबा, त्येनं काय क्येलं? त्येला का तिकीट मिळालंय?"

दिवस कलता कलता जीप आली. ड्रायव्हर आपली दावी माझ्याकडून घ्यायला आला. चेहरा कसा, सासुरवाडीचं जेवण जेवून आल्यासारखा.

"कसा होता?" मी त्याची बाहीच धरली. "अजगर कसा दाखवलाय? डोंगर?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं. "तुला म्हून सांगतो बे. आत गेलतो, बसलो. आसलं गार, आसलं गार! बाहीर थंड पानी फुकट, कितीबी पी. चौघंबी पोटभर पेलो आन् खुर्चीत पाठ टेकली. जे डोळं लागलं ते दिवं लागल्यावर उघाडलं."

"चौघंही?"

"व्याही तर घोरत व्हते."

मला त्या माणसाचा राग यायला पाहिजे होता. आलाही. पण फेब्रुवारीपासून तापलेल्या माळावर ताडपत्रीखाली झोपणाऱ्या माणसाला गारव्यात बसवलं तर तो झोपणार नाही तर काय करणार? राग मी भाच्यासाठी राखून ठेवला. म्हटलं, बेट्या, दे अहवाल. भर सभेत तुझं पितळ नाही उघडं पाडलं तर नाव सांगणार नाही.

संध्याकाळच्या मोजणीनंतर सभा भरली. भाचा हौदाच्या कठड्यावर चढला, खाकरला. "पिच्चर लई जबरदस्त व्हता. सगळी व्यवस्था चोख व्हती. पाणी सुटलं. राणी हारली." आणि लगेच, "आहवाल मंजूर हाय का?"

"मंजूर!" सगळे एका आवाजात. अहवाल न ऐकता मंजूर करायची आमच्या सभासदांची सवय इतकी जुनी, की कुणी दुसरा प्रश्नच विचारला नाही. पाणी सुटलं म्हटल्यावर लोक खूश होऊन उठायलाही लागले. मी पुढं सरसावलो. वाक्य तयार होतं जिभेवर.

तेवढ्यात मावशी उभी राहिली. सोसायटीच्या सभेत बाईनं उभं राहून प्रश्न विचारल्याचं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. उठलेले लोक परत खाली बसले.

"पाणी आलं ते झालं," ती म्हणाली. "पोरगं आलं का घरी?"

भाचा गडबडला. त्याला पोरगं कोण हेसुद्धा नीट आठवत नसावं. मग म्हणाला, "आलं की! आलं, आलं. आईला भेटलं." आणि आधारासाठी त्यानं सगळ्या सभेदेखत माझ्यावरच टाकलं, "काय बे, पुस्तकवाल्या? बराबर हाय का न्हाई?"

पुस्तकातला एक शब्द इकडचा तिकडं झाला तर मी मित्रांशी अबोला धरलेला माणूस. सगळी छावणी माझ्याकडं बघत होती, मावशीही. एका 'नाही'त भाच्याची अब्रू जाणार होती, आणि ती घालवायला मी दिवसभर टपून बसलो होतो.

"हाय," मी म्हणालो. "बरोबर हाय. येतो पोरगा."

"मंजूर!" कुणीतरी ओरडलं आणि सभा संपली.

जूनमध्ये छावणी उठली. तोवर पिच्चरही अंबाजोगाईतून उठला होता. असल्या पिच्चरचा मुक्काम दोन आठवड्यांचा, आमचा पाच महिन्यांचा. शेवटी तो मी पुढच्या वर्षी घरच्या टीव्हीवर बघितला, मध्ये मध्ये बियाण्यांच्या जाहिराती खात. शेवटाच्या वेळी मी उशी छातीशी धरून बसलो. डोंगर फुटला, पाणी सुटलं, त्या आईच्या उंबऱ्याशी आलं. आणि पाण्यामागून गुडघाभर चिखलातून तो पोरगा चालत आला!

बदललं होतं. पुस्तकातला सगळ्यात मोठा शेवट त्या लोकांनी साफ बदलला होता, आणि झोपेतला भाचा खरा ठरला होता. एरवी मी टीव्ही फोडला असता. त्या दिवशी चप्पल घातली, मोटरसायकल काढली आणि मावशीच्या गावाला गेलो.

ती दारात म्हशीची धार काढत होती. तिचा पोरगा अजून आला नव्हता. ते मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं. मी म्हणालो, "मावशी, पिच्चर बघितला. पोरगा येतो. खरंच येतो."

"ते तू तवाच सांगितलंतंस," ती धार न थांबवता म्हणाली. "पर तवा तुजं तोंड उतरलंतं. मी तवाच वळखलं, येत न्हाई म्हून."

मी खजील होऊन उभा. मग सगळं सांगून टाकलं, की पुस्तकात येत नाही, मी हाय म्हणालो ते खोटं, पण आता पिच्चरवाल्यांनीच बदललंय, आता तो येतो. बोलता बोलता सवयीनं एवढंही निघून गेलं, की असं बदलायचं नसतं, लेखकानं केलं ते केलं.

तिनं चरवी खाली ठेवली आणि पदराला हात पुसले.

"बदाललं म्हंतूस," ती म्हणाली. "मग त्या पिच्चरवाल्यात बी कुनाचं तरी पोरगं बाहीर राह्यलं आसल."