धुळीची विचारपूस करणाऱ्या प्रमिलाताई

डॉ. प्रमिलाताईंना मी प्रथम पाहिले ते अकोटजवळच्या, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगच्या फाटकात. मी तिथे मुकादम होतो. अमरावतीहून विद्यापीठातल्या कोणी बाई चौकशीला येणार, असे मालकांनी सांगितल्यापासून मला अन्न गोड लागत नव्हते. चौकशी झाली की कोणाचे तरी काम जाते, एवढेच मला ठाऊक. ताई एसटीने आल्या. हातात एक जुनी छत्री. "मुकादमभाऊ, मी तपासाले नाही, शिकाले आली," त्या म्हणाल्या. माझा विश्वास बसला नाही.

त्यांचा विषय चक्राकार अर्थव्यवस्था. मी चौथी शिकलेलो. समजले तेवढे सांगतो. कोणतीही वस्तू वाया न घालवता पुन्हा कामी आणायची, आणि कापूस वावरातून दुकानातल्या सदऱ्यापर्यंत जाताना वाटेत कोणावर अन्याय होतो का, तेही पाहायचे. दुपारच्या सुट्टीत बायकांमध्ये बसून ताईंनी समजावले, की सरकीचे तेल निघते, उरलेली ढेप म्हशीला जाते, शेण वावरात पडते आणि वावरात पुन्हा कापूस येतो.

आमच्या सुभद्राबाई कोणाची भीड ठेवत नाहीत. "हे तं माह्या म्हशीलेबी ठाऊक हाये, म्याडम. याच्यासाठी इतकं शिका लागते काय?"

सर्वांत मोठ्याने ताईच हसल्या. मग त्यांनी विचारले, "बरं, मंग हे धूळ कुठी जाते?"

सुभद्राबाईंनी छातीवर हात ठेवला. "अठी."

कापसाची ती धूळ आम्ही सारेच गिळत होतो. ती कुठे जाते, हे आजवर कोणी विचारले नव्हते.

ताईंनी ते अहवालात लिहिले आणि माझी खरी काळजी सुरू झाली. तो वाचून, आमची रुई म्हणजे सरकी काढलेला कापूस घेणाऱ्या कंपनीचे साहेब अकोल्याला बैठकीला आले. ताईंनी मलाही नेले होते. साहेब म्हणाले, "अशा ठिकाणचा माल आम्ही यापुढे घेणार नाही." माल थांबला की जिनिंग बंद, आणि जिनिंग बंद म्हणजे साऱ्या बायका घरी. ज्यांच्यासाठी लिहिले, त्यांचेच काम जाणार होते.

ताईंनी आवाज चढवला नाही. "साहेब, तुम्ही निघून गेलात तर तुमचे नाव स्वच्छ राहील, धूळ मात्र इथेच राहील. आजवर इथला माल तुम्ही नेलात, तेव्हा ही धूळ तुमचीही आहे. खरेदी चालू ठेवा आणि धूळ ओढणारे पंखे बसवायला मालकांना हात द्या." त्यांनी सायंकाळपर्यंत साहेबांना उठू दिले नाही. खरेदी चालू राहिली. पंखे बसेपर्यंत ताई फेऱ्या घालत राहिल्या. परदेशातले एक व्याख्यानही त्यांनी त्यापायी सोडले, असे त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मला नंतर कळले.

माझाही खोकला हटत नव्हता. काय निघेल या भीतीने मी एक्स-रे टाळत होतो. ताईच मला अमरावतीला दवाखान्यात घेऊन गेल्या आणि बाहेरच्या बाकावर माझी टोपी मांडीवर धरून बसल्या. आत जाताना मी विचारले, "ताई, वाईट निघालं तं?"

"तं दोघं मिळून घाबरू. आतापासून एकटेच काहून घाबरता?"

वाईट काही निघाले नाही. औषधाने बरा झालो.

पंखे असले तरी थोडी धूळ उडतेच, म्हणून बायका तोंडाला फडके बांधतात. ताईंनाही देतात. पण बोलण्याच्या नादात ताई ते हनुवटीखाली ओढतात. या हंगामात आल्या तेव्हा त्यांना खोकल्याची ढास लागली. सुभद्राबाईंनी हातातले काम टाकले, त्यांचे फडके वर ओढले आणि मागे घट्ट गाठ मारली. "दुसऱ्याच्या छातीची इचारपूस करता म्याडम, तुमची कोन करन?"

तो खोकला माझ्या कानातून जात नाही.

ताई, आज तुम्हाला साठ वर्षे पूर्ण होत आहेत. तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची प्रार्थना. माझी मात्र एक विनंती आहे. एकदा एक्स-रे काढून घ्या. तुमची छत्री मांडीवर धरून मी बाहेर बाकावर बसतो. घाबरायचेच झाले, तर दोघे मिळून घाबरू.