न विचारता हललेला पाय

सोमवार, सकाळ. हजर: तो खाटेवर, बायको त्याच्या पायाशी, मेहुणा दारात आणि उपकेंद्राची नर्स म्हणून मी.

बायकोनं त्याच्या अंगठ्याला करकचून चिमटा काढला. पाय झटकन वर आला.

"वढला! वढला बगा, बाई!"

"आसंल," तो आढ्याकडं बघत म्हणाला. "मला तर इचारलं न्हाई त्यानं."

हे त्याचं ठरलेलं उत्तर. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला हिरडा झोडताना तो झाडावरून पडला आणि पाठीच्या मधोमध कणा मोडला. छातीखालचं त्याला काही कळत नव्हतं. बायकोला मात्र खात्री होती: पाय ओढतोय, म्हणजे माणूस चालणार.

मी तिला समजावलं. कातडीची खबर एका मज्जातंतूनं कण्यात जाते. तिथूनच दुसऱ्या मज्जातंतूनं स्नायूला हुकूम सुटतो आणि पाय हलतो. खबर पुढं डोक्यापर्यंत पोचली तरच माणसाला दुखतं. त्याचा तो वरचा रस्ता तुटला होता.

तिच्याआधी त्यालाच पटलं. "म्हंजी तलाठ्यानंच निकाल दिला. तालुक्याला कागदच गेला न्हाई."

"तुमाला चेष्टाच सुचती," ती म्हणाली.

स्वतःच्या मोडक्या अंगाची थट्टा करून घरच्यांना जेवायला बसवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बायको उपाशी फिरताना दिसली की तो म्हणायचा, "बस हितं, खा. म्या कुठं पळून जातोय?"

मग एक दिवस, मी तिथं नसताना, मेहुण्यानं शेक सुचवला. चुलीत तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून पोटरीला लावली. पाय आखडायला लागला. दोघांना वाटलं, लागू पडतंय. मेहुण्यानं गुडघा दाबून धरला, तिनं वीट आणखी रेटली. तो पडल्या पडल्या मेहुण्याच्या घोरण्याची नक्कल करत होता. मध्येच थांबून त्यानं विचारलं, "काय करपतंय गं?"

जखम हाडापर्यंत गेली. मी ड्रेसिंग करत राहिले, पण ताप उतरेना, तेव्हा पुण्याला पाठवलं. गाडीत चढवताना तो तिला म्हणाला, "रडू नगं. मला दुखलंच न्हाई."

परत आला तो पांढऱ्या कापडात.

दहावा झाल्यावर मी गेले. तिनं माझं मनगट धरलं.

"खरंच दुखलं न्हाई त्यांना?"

"नाही."

"मग पाय का वढत व्हते, बाई?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. कातडीची खबर कण्यात जाते, इथवर आले आणि ती उठून आत गेली.

पुढचं सांगायचं अजून राहिलंय.