खालच्या पेटीतली रिकामी जागा

सदर इसम वयाने पन्नाशीला टेकलेला, बांध्याने मध्यम, डोळ्यांवर असलेला चष्मा घरभर शोधणारा. व्यवसाय: उद्वाहन देखभाल व दुरुस्ती, म्हणजे लिफ्टवाला. ओळखीची खूण: नखांत कायमचं ग्रीस. पूर्वेतिहास स्वच्छ. कुटुंब: आई, बायको व एक मत्स्यटाकी. जलशुद्धी, जलवहन व जलनियंत्रण या विषयांत विशेष गती. सदर इसमास पोहता येत नाही.

टाकी बाहेरच्या खोलीत, त्यानेच जोडलेल्या लोखंडी घडवंचीवर होती. आत सोनेरी मासे. सगळ्यांत थोराड माशाला घरात ‘साहेब’ म्हणत, कारण खाणं आलं की तो पुढे येई आणि एरवी पाठ करून उभा राही. लिफ्टवाल्याचा दिवस वर पाहिलं तर दोर आणि खाली पाहिलं तर काळोख, अशा जागी जाई. संध्याकाळी तो टाकीसमोर बसे. त्या वेळी त्याला कुणी हाक मारत नसे, आणि मारली तरी ती पोचत नसे.

मासे वाढले तसं पाणी गढूळ व्हायला लागलं आणि आतल्या चिमुकल्या फिल्टरने हात टेकले. मग त्याने घडवंचीखाली काचेची दुसरी पेटी बनवली. टाकीच्या काठाशी आलेलं पाणी एका नळाने खाली उतरणार, पेटीतल्या स्पंजातून आणि खड्यांतून गाळलं जाणार, आणि पंप ते दुसऱ्या नळाने वर चढवणार. अशा पेटीला मासेवाले संप म्हणतात. घरात तिला खालची पेटी म्हणत. दिवसभर वर जायचं आणि खाली यायचं; त्याच्या धंद्यात माणसंही दुसरं काही करत नाहीत.

पहिल्या खेपेला तो एकच गोष्ट विसरला. वीज जाते.

वीज गेली, पंप थांबला. पण चढत्या नळाचं तोंड वरच्या टाकीत खोल बुडालेलं होतं, त्यामुळे पाणी त्याच नळाने उलटं खाली यायला लागलं. पेटी भरली, मग फरशी भरली, आणि मग खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या छताला पान्हा फुटला. ताई ओला कोट हातावर घेऊन वर आल्या.

“हा कोट कुणाचा आहे माहितीय?”

“नाही.”

“नवरदेवाचा.”

“वाळेल ना, ताई.”

“वाळेल. आणि आक्रसेल. मग कोटाला बसेल असा नवरदेव शोधायचा.”

लिफ्टवाला ओशाळला, आणि ओशाळलेला माणूस नको ते बोलतो. आई आणि बायको समोर असताना तो म्हणाला, “पुन्हा एक थेंब जरी खाली आला, तरी ही टाकी मी माझ्या हाताने देऊन टाकीन.”

“हे वाक्य मी लक्षात ठेवणार आहे,” बायको म्हणाली. तिचं माशांशी वैर नव्हतं. फरशी तिने पुसली होती.

शब्द तर देऊन बसला. आता डोकं चालवणं भाग होतं, आणि ते चाललं धंद्याच्याच वाटेने. लिफ्टचा ब्रेक विजेने लागत नाही. विजेने तो सुटतो. वीज गेली की आपोआप आवळतो. वीज गेल्यावर कुणीतरी धावत येऊन काहीतरी करायचं, याला व्यवस्था म्हणत नाहीत. त्याने चढत्या नळाचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आणलं आणि त्याच्या जरा वर, पाण्याखाली जेमतेम बुडेल असं, नळाला बारीक भोक पाडलं. पाणी थोडं उतरलं की भोक उघडं पडणार, हवा आत शिरणार आणि उलटा प्रवाह तुटणार. तेवढ्यात जे पाणी खाली येईल त्याला जागा हवी, म्हणून पेटी अर्ध्याहून जास्त रिकामी ठेवली. पाणी कुठवर असावं त्याची खूण म्हणून पेटीवर लाल रेष ओढली. रंग बायकोच्या नेलपॉलिशचा.

“बाटली विचारून घ्यायची असते.”

“थोडंसंच लावलं.”

“लावा की. पेटीला तरी मिरवू दे. मला कुठे नेताय?”

रविवारी दुपारी चाचणी ठेवली. साक्षीला खालच्या ताईंना बोलावलं. त्या सवयीने गळ्यात मोजपट्टी तशीच घेऊन आल्या. बायको बटणापाशी उभी राहिली, आई खुर्चीत. लिफ्टवाला जमिनीवर पालथा पडून ब्रेक या विषयावर बोलत होता.

“बंद करू का, की अजून बोलणार आहात?”

“कर.”

पंप थांबला. पाणी उतरायला लागलं, पेटी चढायला लागली. मग वर नळाने एक लांब भुरका मारला, पाणी थबकलं, आणि पेटीचा काठ चार बोटं वर कोरडा राहिला. ताईंनी वाकून पट्टी लावली.

“म्हणजे तुम्ही माया सोडलीत.”

“काय सोडली?”

“माया. शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतो आम्ही. गिऱ्हाईक सुटलं की उसवून ढिलं करायला.”

“हां. तेच ते.”

“मग हे आधी सांगायचं की. मघापासून मी ब्रेक ऐकतेय.”

त्या दिवसापासून ताईंची भीती गेली. दुपारी हातशिलाईचं काम घेऊन त्या वर यायच्या, आईशी बोलायच्या आणि साहेबाच्या पाठीकडे बघत काजं करायच्या.

उरलं होतं एक बारीक काम. पाणी हवेत उडतं आणि पेटी रेषेच्या खाली जाते. रोज थोडं घालावं लागतं. ते त्याने आईकडे सोपवलं. आईला अर्धं भांडं बघवत नसे. तिचं उभं आयुष्य नळ जायच्या आत सगळं भरून ठेवण्यात गेलं होतं. वाटी, ताट, बादली, जे म्हणून तिच्या हाताखालून गेलं ते काठोकाठ गेलं. तिला रेष दाखवली तेव्हा तिने मान डोलावली. रेष म्हणजे इतकं तरी हवंच, असं ती समजली.

आणि एका दुपारी एकेक भाग करत गावची वीज जायला लागली. लिफ्टवाला तेव्हा एका उंच कचेरीच्या गच्चीवरच्या यंत्रखोलीत होता. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या एका गृहस्थाला त्याने आधी बाहेर काढलं. गृहस्थ बाहेर येऊन उशीर झाल्याबद्दल त्यालाच बोलले. ते ऐकून घेऊन त्याने घरी फोन लावला.

“आई, खालच्या पेटीकडे जरा बघ.”

“बघायचंय काय त्यात? आत्ताच भरली. गळ्यापर्यंत.”

“गळ्यापर्यंत?”

“अर्धी रिकामीच होती रे. म्हटलं, तू कामाच्या नादात विसरलास.”

मागून ताईंचा आवाज आला, “मावशी, आपलीही वीज गेली. फोन ठेवा आणि पातेलं द्या.” फोन ठेवला गेला.

घरी येताना स्कूटरवर त्याने टाकी मनातल्या मनात तीन ठिकाणी देऊन पाहिली. शाळेत पोरं काचेवर टकटक करतील. कचेरीत आजचे गृहस्थ असतील. दवाखान्यात बरं, पण तिथे साहेबाची पाठ बघून आजारी माणूस आणखी खचेल.

दार उघडंच होतं. ताई पेटीशी मांडी घालून बसल्या होत्या, हातात तांब्या, बाह्या कोपरापर्यंत वर. भोवती पातेली, कळशी, कुकर, फुलदाणी आणि त्याचा जास्तीचा जेवणाचा डबा, सगळं पाण्याने भरलेलं. आई मधोमध उभी होती. इतकी तृप्त ती बऱ्याच दिवसांत दिसली नव्हती.

“खाली गेलं का?” त्याने विचारलं.

“चला, बघू.”

दोघं खाली गेले. ताईंनी स्टूल ओढलं, वर चढल्या, आणि जुन्या डागावर तळहात दाबून धरला. मग हात उलटा करून पाहिला.

“कोरडं,” त्या म्हणाल्या. “पण यात तुमची हुशारी काही नाही हं, दादा.”

“नाही.”

“मी वर नसते तर?”

“तर टाकी गेली असती.”

संध्याकाळी बायकोने निकाल दिला. “थेंब पडला नाही. वाक्य लागू होत नाही. डबा मात्र तुम्हीच घासा.”

त्याने आईला समजावून पाहिलं. “ती जागा मुद्दाम रिकामी ठेवलीय, आई.”

“रिकामी जागा कुणी मुद्दाम ठेवतं का?” आई म्हणाली, आणि त्याच्या पेल्यात काठापर्यंत पाणी ओतलं.

पेल्याकडे बघताना त्याला आपली चूक कळली. वीज जाईल याचा त्याने बारकाईने विचार केला होता, पण वीज कधीतरी जाते. आई रोज असते. लिफ्टमध्येही किती माणसं चढावीत याची पाटी असते आणि ती कुणी वाचत नाही. म्हणून घंटा ठेवतात, आणि घंटा वाजतेय तोवर लिफ्ट हलत नाही. सुट्टीच्या दिवशी त्याने पेटीच्या काठाखाली एक मोठं भोक पाडलं, उतरत्या नळाइतकाच जाड पाइप त्याला बसवला आणि पाइपाचं दुसरं टोक मोरीत सोडलं. आता आईने कितीही ओतावं. जास्तीचं पाणी आपल्या पायाने मोरीत जाईल.

पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा सगळे घरीच होते. नळाने भुरका मारला, पेटी भोकापर्यंत चढली, मोरीत धार लागली. ताई बटणं लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. लिफ्टवाला खुर्चीत मागे रेलला.

“पाणी वाया चाललंय,” आई म्हणाली. उठली, आणि मोरीत पाइपाखाली बादली लावून आली. वीज आली, पंप सुरू झाला, पेटीतलं पाणी उतरलं. आईने बादली उचलून आणली आणि पेटीत परत ओतली, थेट भोकाच्या काठापर्यंत. लिफ्टवाल्याने तोंड उघडलं. बायकोने लांबूनच मान हलवली, तसं त्याने ते मिटलं.

त्या घरात आता दोन पंप आहेत. त्यातला एक विजेवर चालतो.