नकाशा राहू दे, तू नको

"मिलिंदनगर म्हणजे... नाल्याकडचं?" शुभदावहिनींनी विचारलं. माझा फॉर्म त्यांच्या हातात होता.

"हो."

दोह्याच्या बिन महमूद भागातला त्यांचा फ्लॅट. शुक्रवारची दुपार. इथली आम्ही सहा मराठी कुटुंबं नाशिकला एकत्र प्लॉट घेऊन सोसायटी बांधणार होतो. मी आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंगं करायचे, म्हणून नकाशा माझ्याकडे आला. चार शुक्रवार बसून काढला. आज फॉर्म भरायचे आणि केक कापायचा, असं ठरलं होतं.

वहिनींनी फॉर्म नवऱ्याकडे सरकवला. त्यांनी वाचला.

"अगं, कधी बोलली नाहीस," वहिनी म्हणाल्या. आवाज मऊ होता. "आम्हाला काही नाही गं. पण तिथं सगळ्यांच्या सासवा राहायला येणार. देवधर्म, सोवळं. तुलाच अवघड होईल. नकाशा मात्र सुंदर झालाय. तो राहू दे."

मी हसले. हे मला आजही बोचतं. मी आधी हसले.

खरं सांगायचं तर सात वर्षं मीही चोरासारखीच राहिले होते. माहेर कुठं, विचारलं की "बस स्टँडजवळ" म्हणायचे. आई मिलिंदनगरात एकटी. मी तिलाही सांगून ठेवलेलं, फोनवर मोठ्यानं जय भीम म्हणू नकोस, स्पीकर चालू असतो.

टेबलावर बश्यांखाली नकाशा पसरलेला होता. मी बश्या उचलल्या. नकाशा गुंडाळला.

"राग मानू नकोस," वहिनी म्हणाल्या.

"नकाशा माझा आहे, वहिनी."

लिफ्टमध्ये माझी मुलगी म्हणाली, "व्हाय आर वुई लीव्हिंग, आई? केक तर कापलाच नाही." मी तळमजल्याचं बटण दाबलं. नवरा जमिनीकडे बघत होता.

तेव्हा वर्ल्डकपसाठी सगळं शहर खणलेलं होतं. शहराच्या मध्यावर, मुशैरिबमध्ये, जुना मोहल्ला पाडून नवा उठत होता. आमच्या ऑफिसनं काढलेल्या त्याच्या नकाशात झाडं होती, बाकं होती. तिथं आधी कोण राहत होतं, हे ऑफिसात कुणी विचारलं नाही. मीही नाही. त्या आठवड्यात पहिल्यांदा विचार आला.

उन्हाळी सुट्टीत मिलिंदनगरला गेले. आमची अभ्यासिका बंद होती. पत्रा खचलेला, आत शेळ्या. वस्तीतल्या थोरांनी वर्गणी काढून बांधलेली खोली ती. तिथं बसून आम्ही अकरा जण शिकलो, नोकऱ्यांना लागलो. अकराच्या अकरा बाहेर पडलो. कुणी पुण्याला, कुणी कॅनडात, मी दोह्याला.

शेजारची कमलमावशी परीक्षेच्या दिवसांत आम्हाला अभ्यासिकेत भाकरी आणून द्यायची. ती नव्हती. चार महिन्यांपूर्वी गेली. आईनं फोनवर सांगितलं होतं, मी "अरेरे" म्हणून ऑफिसला गेले होते.

तिची मुलगी प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. आत मावशीचा इंग्रजी रिपोर्ट. लगेच ॲडमिट करा, असं स्पष्ट लिहिलेलं.

"ह्यो कागद तीन आठवडे घरातच पडून होता, ताई," ती म्हणाली. "दवाखान्यात धड कुणी सांगितलं नाही. तुम्ही शिकलेले समदे गेले. आम्ही कुणाला दाखवायचा?"

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी ओट्यावर बसून रडले. वहिनींनी मला दाराबाहेर ठेवलं, ते एका दुपारी. मी माझ्या माणसांना किती वर्षं बाहेर ठेवलं होतं?

मॅच सुरू व्हायच्या आधीच आम्ही दोहा सोडलं. आईच्या घरावर मजला चढवला. अभ्यासिकेचा पत्रा बदलला. परत या म्हणून बाकीच्या दहा जणांना फोन केले. दोघं आले. एक जण म्हणाला, "तिथं जागेचा रेट वाढणार नाही, वेडेपणा आहे." नवऱ्याचे नातेवाईक या वस्तीतल्या घरी येत नाहीत. मुलगी पहिलं वर्षभर रोज विचारायची, परत कधी जायचं. पावसाळ्यात नाल्याचं पाणी अजून दारात येतं. नगरपालिकेत माझा अर्ज तीनदा हरवला. चौथा दिलाय.

कमलमावशी परत येणार नाही. तिची मुलगी माझ्याशी अजून मोजकंच बोलते, आणि तो तिचा हक्क आहे.

मी मिलिंदनगरात राहते. नाल्याकडच्या. कुणीही विचारा, पहिल्यांदा हेच सांगेन. इथून आता मला न्यायचं असेल, तर चौघांनी खांद्यावर न्यावं लागेल.